फरशीवर आखलेले अक्ष

१७ नोव्हें. ९७, सोम.
दिवाळीची सुट्टी संपली. गणिताचे शिंदे सर पाय मोडून घरी बसलेत. हेडसरांनी आठवीचं गणित माझ्या गळ्यात घातलं. मी एम.ए. मराठी. जमणार नाही म्हणालो. ‘पुस्तक वाचता येतंय न्हवं? मग झालं.’
ऋण संख्या घेतल्या. उणे पाचपेक्षा उणे दोन मोठा कसा, हे विजयला तीनदा सांगितलं. विजय दूध संस्थेच्या चेअरमनचा मुलगा. साधा आहे, कष्टाळू आहे. चौथ्यांदा सांगायला लागलो तर सुजाता कांबळे जागेवरूनच म्हणाली, ‘उजवीकडचा मोठा, एवढंच.’ त्याला कळलं. पुढच्या तासाला दुसऱ्या तुकडीत तेच वाक्य मी माझं म्हणून वापरलं.

२० गुरु.
निर्देशक. आलेख कागद कुणाकडेच नाही. वर्गाची फरशी शहाबादी, चौकोनी. मुलामुलींच्या मधल्या वाटेवर खडूने उभा अक्ष, वर्गाच्या मध्यावर आडवा. जिथे छेदतात तो आरंभबिंदू. एक फरशी म्हणजे एक एकक. फळ्याकडे जाईल तसं धन, मागे ऋण. आडव्या अक्षावर उजवीकडे धन, डावीकडे ऋण. उजवा हात वर करून दाखवला. त्या हाताला मुलगे होते, डाव्या हाताला मुली. प्रत्येकाने आपापल्या जागेचे निर्देशक सांगायचे. वर्ग रंगला. हेडसर दारातून बघून गेले. खूश.

२१ शुक्र.
आज फळ्यावर अक्ष काढले. सुजाता उभी राहिली. म्हणाली, ‘सर, फळ्यावर धन हिकडं आलं, आमच्या अंगाला. काल फरशीवर आमी ऋण होतो.’
ऐकून घेतलं नाही. खरं तर ऐकलं, पण कळलं नाही, आणि कळलं नाही हे दिसायला नको होतं. म्हणालो, ‘मुलींच्या बाजूला ऋण आलं म्हणून वाईट वाटतंय होय?’
मुलगे हसले. मुलीही. ती म्हणाली, ‘तसं न्हाय सर.’ मी म्हणालो, ‘मग उभीच राहा.’
तास संपेपर्यंत उभी होती.

२४ सोम.
घटक चाचणी. पंचवीस गुण. शेवटचा प्रश्न माझा स्वतःचा: वर्गाचा नकाशा काढा, आपली जागा दाखवून निर्देशक लिहा. चार गुण.

२५ मंगळ.
पेपर तपासून वाटले. विजय तेवीस, सुजाता एकवीस. तिने नकाशा उलटा काढलाय. मुली धन बाजूला. आपली जागा (३, २) लिहिली. हवं होतं (–३, २). शून्य दिलं. समासात लिहिलं, ‘हट्टीपणा’. लाल शाईने.
तालुक्याच्या गणित परीक्षेला शाळेतून एकच नाव जातं. हेडसरांनी सगळ्यात जास्त गुणांचं मागितलं. विजयचं दिलं. संध्याकाळी चेअरमन रस्त्यात भेटले, खांद्यावर हात ठेवला.

२६ बुध.
शाळा सुटल्यावर वर्गात थांबलो. का, माहीत नाही. सुजाताच्या बसकर पट्टीवर बसलो. समोर फळा. फळ्याच्या कोपऱ्यात अजून शुक्रवारचे अक्ष, कुणी पुसले नव्हते. धन बाजू माझ्या उजव्या हाताला. मी मुलींच्या बाजूला बसलेलो.
म्हणजे त्या गुरुवारी मी पोरांकडे तोंड करून उजवा हात वर केला. माझा उजवा. त्यांचा डावा. वर-खाली त्यांच्या बाजूने, डावं-उजवं माझ्या बाजूने. कागद कसाही फिरवला तरी जमत नाही. घरी येऊन फिरवून पाहिला.
अख्ख्या वर्गाने माझी चूक जशीच्या तशी उतरवली. त्यांना पूर्ण गुण. एकीने विचार केला, तिला शून्य.

२७ गुरु.
काही केलं नाही. वर्गात पूर्णांकांची बेरीज घेतली. तिच्याकडे पाहिलं नाही. तिने एकदाही हात वर केला नाही.
मराठीच्या तासाला कुणी कवितेचे दोन अर्थ लावले तर मीच कौतुक करतो. असं स्वतःला सांगून पाहिलं. उपयोग नाही. प्रश्न गणिताचा नाहीच. विजयने तेच विचारलं असतं तर मी मागे वळून फळ्याकडे पाहिलं असतं. नक्की पाहिलं असतं.

२८ शुक्र.
सुजाताचे वडील आले. लाइनमन आहेत. कामावरूनच आले होते, कमरेला पक्कड. ऑफिसात खुर्ची दिली, बसले नाहीत. पेपर घडी घालून खिशात.
‘सर, पोरगी चुकली आसंल तर आसू दे. नाव गेलं तरी आमचं काय म्हणणं न्हाय. पण कुठं चुकली तेवढं सांगा की. चार दिवस वही उलटीपालटी कराय लागलीया.’
मला बुधवारपासून माहीत होतं.
म्हणालो, शिकवल्याप्रमाणे लिहिलं नाही, म्हणून गुण गेले. हे खोटं नाही. म्हणूनच जास्त…
ते म्हणाले, ‘बरं. सांगतो तिला.’ जाताना नमस्कार केला.

३० रवि.
जेवताना सौ.ला सांगितलं. तिने ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, ‘मग त्यांना का नाही सांगितलंत?’

१ डिसें. सोम.
हेडसरांकडे गेलो. फरशी, हात, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. नाव अजून बदलता येतं म्हणाले. फॉर्म गुरुवारपर्यंत मुरगूडच्या परीक्षा केंद्रावर पोचवायचा आहे. मग चष्मा काढला. ‘बदला. पण चेअरमनच्या घरी तुमी सांगायचं. मी न्हाय. आनि सर, पोरांनी तुमी शिकवलं तेच लिवलं. त्यांचं काय चुकलं?’


२ मंगळ.
वर्गात सांगितलं. चूक माझी होती, सुजाताचं बरोबर होतं. पुढे होऊन, फळ्याकडे तोंड करून, पुन्हा हात वर करून दाखवला. मागून एक मुलगा म्हणाला, ‘आता आमी ऋण.’ हसले. त्या प्रश्नाचे चार गुण सगळ्यांना दिले. ज्यांना आधीच होते त्यांचे तसेच ठेवले. म्हणजे विजय तेवीस, सुजाता पंचवीस.
त्या शुक्रवारी जे बोललो, त्याबद्दल मात्र बोललो नाही. तोंडापर्यंत आलं होतं. सुजाता वहीत बघत होती. विजय माझ्याकडे बघत होता. हिशोब त्याने केला असावा.

३ बुध.
दुपारी चारला फॉर्म घेऊन कांबळ्यांच्या घरी गेलो. या वस्तीत सहा वर्षांत पहिल्यांदा. वडील कामावर होते. सुजाता बाहेर आली, ओढणीला हात पुसत. सतरंजी टाकायला लागली. नको म्हणालो. मग उभ्यानेच सगळं सांगितलं. शुक्रवारचंही. तिला उभं केलं ते, बोललो ते.
फॉर्म पुढे केला. तिने घेतला नाही.
‘विजूला सांगितलं काय सर?’
अजून नाही म्हणालो.
‘त्याच्या आईनं गल्लीत पेढं वाटल्यात. आधी त्याला सांगा. कुठं चुकलं ते पण सांगा. मग मी सही करतो.’
फॉर्म उद्या पोचवायचा. येताना चेअरमनच्या दारावरूनच रस्ता आहे. विजयची आई सोप्यात शेंगा फोडत होती. मला बघून उठली.
‘या की सर, या. विजू, सर आल्यात बघ, पाणी आण. बसा, च्या ठेवतो.’
विजयने पाण्याचा तांब्या आणला. दोन्ही हातांनी दिला. तो समोर उभा राहिला, मी पाणी पीत राहिलो.