शिवकन्येचं केळवण

कुरुंदा,
सोमवार, ११ मार्च १९९६

चि. सौ. आशाबाईस, थोरल्या भावाचा आशीर्वाद.

तातेरावांचा गुडघा काय म्हणतो? हरीशचा खोकला बसला का? सासूबाईंना चष्म्यानं दिसतंय ना? आणि तू बसून जेवतेस, की अजून उभ्यानंच उरकतेस? इकडं तुझी वहिनी मिराबाई बरी. हळद शिजवून वाळू घातली.

तुझी लेक शिवकन्याही बरी आहे. म्हणजे, आता बरी आहे.

केळवणाला आली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. मिराबाई म्हणाली, "लग्नाची पोर अन् हाडाचा सापळा! लोक मामीला नावं ठेवतील." मग भावकीत जणू पैजच लागली. इथं पुरणपोळी, तिथं शिरा, वर तुपाची धार. आधी नको नको म्हणणारी पोरगी मुकाट खाऊ लागली. आमी खूश.

पाटावरून उठताना कोसळली, आशा. पाय सुजलेले, छाती धडधडून राहिलेली. नांदेडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली अन् आम्हालाच झापलं. "लेकरू कित्येक महिने अर्धपोटी होतं. अंगासोबत काळीजही झिजलंय. अशा अंगात एकदम गोडधोड भरलं की रक्तातले क्षार झपकन उतरतात, हृदयाचे ठोके चुकतात. आता रक्त तपासत थोडं थोडं वाढवू. पण खाणं तोडायचं नाही, त्यानंही जीव जाईल."

ती अजून दवाखान्यातच आहे. मिराबाई जवळ आहे. मी कपडे न्यायला घरी आलोय.

"काहून जेवत नव्हतीस गं?" मी विचारलं. म्हणाली, "मामा, पाहुणे म्हणाले पोरगी अंगानं जाड. मग आई ताटातली भाकर उचलायची. पुढं मीच वाढून घेईना. आता भूकच कळत न्हाई."

मी तुला बोल लावत नाही. चांगलं स्थळ जाईल, एवढीच तुझी धास्ती.

पण तातेराव गुरुवारी तिला न्यायला येणार, तिकडची केळवणं राहिलीत, असा निरोप आला. त्यांना थांबव. डॉक्टरीणबाई म्हणतात, हा आठवडा जोखमीचा. लग्न पुढं ढकल. पाहुण्यांच्या दारात मी जाईन, चार शब्द मी ऐकीन.

तू मात्र ये. डबा आणू नको, लाडू आणू नको. नुसती उशाशी बस. "आईला बोलावू नका," म्हणते. पण दार वाजलं की मान वळवते.

हे पत्र शेजारच्या धर्मसिंगच्या हाती देतोय. तुमच्या बाळापूरच्या बाजारातून तो सांजच्याला परतेल. त्याच्याच हाती लगेच उत्तर धाड. फार नको, 'येते' एवढंच लिही.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून,
किशनदादा