आईचा फोन लागेपर्यंत

प्रिय छकुली,

ऑफिसात तुला सगळे मॅडम म्हणतात, म्हणू देत. मी छकुलीच म्हणणार. तुझा निरोप मिळाला. उत्तर देतेच, पण आधी ऐकून घे. समोर बसलं की तू घड्याळ बघतेस.

लाँड्रीत काम करणाऱ्या त्या बाईची थोरली गेल्या वर्षी शाळेत माझ्या, नर्सच्या खोलीत आली होती. अंगात ताप, मान कललेली, डोक्याला घट्ट रुमाल. त्यांच्या समाजातल्या मुली परक्यांसमोर तो सोडत नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून काय तपासायचंच नाही? शिपायाला बाहेर घालवलं, कडी लावली, पडदा ओढला आणि तिलाच विचारलं, तू सोडतेस का, की मी मदत करू? तिनेच सोडला. कानामागे ही एवढी सूज! डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कान गेला असता. घरून तक्रारीचा एक शब्द आला नाही. तक्रार केली वर्गशिक्षिकेने, म्हणे त्या लोकांच्या भावना दुखावतील. आणि जिला सुई धरायला मी शिकवलं त्याच तू, आता शाळांतल्या नर्सेसची साहेबीण, मला औषधांच्या गोदामात बसवलंस. वर म्हणालीस, ताई, मनाला लावून घेऊ नकोस. घेतलंय मी लावून.

मग तुझा नियम आला: पेहरावाला हात लावण्याआधी घरून फोनवर परवानगी. ऐकायला किती छान! माझ्या जागी आलेली पोरगी वाईट नाही गं, पण 'त्यांच्यात' काय चालतं नि काय नाही याचा तू तिला इतका धाक घातलास की मूल समोर आलं की तिला आधी स्वतःची नोकरी दिसते. मध्यंतरी धाकटी आली. तसाच ताप, तसाच रुमाल. तुझी नवी नर्स घरी फोन लावत बसली. लाँड्रीत कामगारांचे फोन फाटकावरच काढून घेतात, हे तू कधी विचारलंच नाहीस. रोज तापाची गोळी देऊन धाकटीला नुसतं निजवून ठेवलं. आणि आई निर्धास्त, कारण शाळेत नर्सबाई बघतातच, काही असतं तर बोलावलं असतं.

काल मी इस्पितळात जाऊन आले. धाकटीला त्या कानाने आता ऐकू येणार नाही. आई भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "थोरलीला तुम्ही हात लावलात. मग हिला का नाही लावला कुणी?"

उद्या तिच्या घरी मी तुझ्याबरोबर यावं, ती माझं ऐकेल, प्रकरण वाढवणार नाही, असा तुझा निरोप. मी येणार नाही. तिची तक्रार कालच मी माझ्या हाताने लिहून दिली आणि साक्षीला उभी राहीन असा शब्दही दिला. तुझी खुर्ची जाईल, मला कळतं. रात्रभर त्यानेच डोळ्याला डोळा लागला नाही. पण हे तुला परक्याकडून कळू नये, म्हणून लिहिलं.

तरीही तुझीच,
ताई