पानांच्या गठ्ठ्यातली तार

नाना, तुमच्यामागे तुमची पानटपरी आता मी चालवतो. जळगावात मेहरूणच्या रस्त्यावरची, तीच. धुळ्याचं कॉलेज दुसऱ्या वर्षालाच सोडलं. एक पोरगा एका मुलीबद्दल वाकडं बोलला आणि मी त्याला प्रॅक्टिकलच्या वर्गात, सरांसमोरच हाणला. माफी माग म्हणाले, नाही मागितली. डोकं तुमच्यावर गेलंय, मी काय करू? ती मुलगी धुळ्याचीच. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न ऐन मे महिन्यात होतं, आणि तिने घरात भांडून विड्याच्या पानांचं काम मला मिळवून दिलं. तिचे वडील म्हणाले, "कॉलेज पुरं केलं नाही, पानं काय पुरी करणार? बघू." पानं काळी पडली असती तर त्या घरात माझं नाव पुन्हा काढायची तिला सोय राहिली नसती.

जळगावचा मे तुम्हाला माहीत आहे. लग्नसराईत ऐन वेळी माल मिळत नाही, म्हणून पानं चार दिवस आधी घ्यावी लागणार होती आणि ओल्या गोणपाटाची टोपली अशा उन्हात दोन दिवसांपुढे धरत नाही. म्हणून थंड बाटल्यांचा एक छोटा, जुना फ्रीज आणला, काचेच्या दाराचा. त्यात दुकानातला एक गठ्ठा ठेवून पाहिला. दुसऱ्या दिवशी कोळसा! आणि कानात तुमचा आवाज, "पानले गारवा लागस, थंडी नही." फ्रीजला एवढंच कळत नाही. बटण कितीही फिरवा, तो आपला गारठवतच जातो. मग बाहेरून लावायचा टेम्परेचर कंट्रोलर आणला. फ्रीजची पिन कंट्रोलरमध्ये, कंट्रोलरची भिंतीत, आणि त्याच्या सेन्सरची तार दाराच्या रबरातून आत. चौदा अंश झाले की वीज तोडायची, सोळाच्या वर गेलं की जोडायची. माय बघत होती. म्हणाली, "फ्रीजले ताप इ गया का रे? थर्मामीटर लाई दिधं!"

तरी दुसरा गठ्ठा काळाच निघाला. मी फ्रीजला दोन लाथा घातल्या, पायालाच लागलं. तिथंच खाली बसलो, लंगडत उठायचीही लाज वाटत होती, आणि बसल्या बसल्या चूक दिसली. तार मी दाराजवळ लोंबती सोडली होती. कुणी बाटली मागितली, दार उघडलं, की बाहेरची झळ तारेला लागायची आणि मशीन सुरू व्हायचं. मागे पानं बिचारी काकडायची. आणि तुम्ही दिसलात. सकाळी फळी उघडली की तुम्ही टोपलीवरून हात फिरवत नाही. मधलं बोट थेट गठ्ठ्याच्या पोटात, देठांमध्ये खुपसता, डोळे मिटता, आणि मगच गोणपाटावर पाणी शिंपायचं की नाही ते ठरवता. मी तार उचलली आणि बरोबर तिथंच खुपसली. बाटल्या बाहेर काढल्या, गिऱ्हाइकांना सांगितलं, लग्न होईस्तोवर माठातलं पाणी प्या.

नाना, चार दिवस आकडा चौदा-सोळाच्या बाहेर गेला नाही! चौदा, पंधरा, सोळा, पुन्हा चौदा. लग्नाच्या सकाळी पहिल्या एसटीने ओल्या गोणपाटात पानं मांडीवर घेऊन धुळ्याला गेलो. मांडवात तिच्या वडिलांनी गठ्ठ्याच्या मधलंच पान ओढून काढलं, वरचं नाही. माणूस पक्का आहे. दुमडलं. टचकन मोडलं. नाकाशी नेलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढा वेळ मराठी झाडणारा माणूस एकदम घरच्या बोलीवर आला, "कालदिन खुडेल शे का रे?" मी म्हटलं, "चार दिवसांची आहेत, भाऊ." त्यांनी शेजारच्या पाहुण्याला हाक मारली, "याले इचारा, कसं ठेवस ते!" मागे ती हळदीच्या हातांनी तोंड दाबून हसत होती. आपण दोघांनी मिळून जळगाव-धुळं जिंकलं असं मला वाटलं. तुम्ही आणि मी म्हणतोय, ती आणि मी नाही.

हा कागद गल्ल्यात ठेवला तर माय वाचेल, म्हणून कंट्रोलरच्या रिकाम्या खोक्यात ठेवतो. पण एक राहिलं. मी दहा वर्षांचा असताना अख्खी टोपली काळी पडली होती आणि तुम्ही पानांच्या व्यापाऱ्याला भर बाजारात शिव्या घातल्या, शिळा माल दिला म्हणून. जाईपर्यंत त्याच्याशी बोलला नाहीत. नाना, त्याचा माल ताजा होता. सोड्याच्या बाटल्यांसाठी आणलेल्या बर्फाच्या लादीवर ती टोपली मी ठेवली होती, पानांना बरं वाटेल म्हणून. लग्नाची पानं मी त्याच्याचकडून घेतली. त्याला सांगून टाकलं. तुम्हाला सांगायची हिंमत मात्र आज झाली.