वेवाकची धावपट्टी

नोव्हाय, १२ फेब्रुवारी १९८४

आदरणीय बाबा, सविनय जयभीम.

आम्ही मजेत आहोत. बर्फ फार पडतो, पण शेजारचे म्हातारे अमेरिकन वॉल्टर आमच्याही दारातला काढून देतात. थंडीत तुमचा पाय ठणकतो का?

काल त्यांनी न्यू गिनीच्या ट्रिपच्या स्लाइड्स दाखवल्या. वेवाकची जपानी धावपट्टी आता गवतात बुडाली आहे, गावकरी तिथे खोबरं वाळवतात. महायुद्धात वॉल्टर विमानातून तिच्यावर बॉम्ब टाकत. "खाली फक्त जपानी होते," म्हणाले.

माझे बाबा जपान्यांचे कैदी म्हणून तिथेच खड्डे बुजवत होते, त्यांचा पाय तिथेच अधू झाला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात वॉल्टरनी केक पुढे केला. मी म्हटलं, धावपट्टीचा फोटो छान आलाय.

त्यांनी लगेच एक प्रत दिली. तुम्हाला पाठवू का, हे विचारायचीही लाज वाटते.

तुमचीच,
विशाखा