मधुमालतीचा फुटवा

९ जुलै २०२४
सासूबाई अलोऱ्याला मैत्रिणीकडे गेल्या होत्या. संध्याकाळी परतल्या त्या ओल्या फडक्यात गुंडाळलेला मधुमालतीचा फुटवा घेऊन. कॉलनीतल्या त्यांच्या जुन्या क्वार्टरच्या दारातली वेल. "उद्या लावू," म्हणाल्या. मी मान हलवली. माझी मुलगी जाऊन आज चोवीस दिवस झाले – आणि ही बाई मला रोप आणून देते.

१० जुलै
अंगणात वीतभर माती, खाली कातळ. पहारीने खड्डा त्यांनीच काढला, सदुसष्टाव्या वर्षी. मी पायरीवर बसून बघत होते. उठावंसंच वाटेना. शेवटी म्हणाल्या, "माती तरी लोट गो, मनाली." लोटली.

२१ जुलै
सुहासचा मुंबईहून फोन. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. झालं. नवरा म्हणून एवढंच. मुलीबद्दल अक्षर नाही.

मला भूल दिली होती. शुद्धीवर आले तोवर सगळं उरकलं होतं. सात महिने पोटात वाढवलेली, एकदा दाखवलीसुद्धा नाही. "नाही बघितलंस तेच बरं" – नर्स म्हणाली, माझी आई म्हणाली, सुहासही म्हणाला.

३ ऑगस्ट
वेलीच्या मुळाशी पाणी साचलंय. पानं पिवळी. बघितलं आणि आत आले.

४ ऑगस्ट
पाणी जायला कोणीतरी चर काढलाय. कोणीतरी म्हणजे कोण – घरात आम्ही दोघीच.

२ सप्टेंबर
मिरजोळ्याला कारखान्यात पुन्हा कामावर रुजू झाले. पॅकिंगमधल्या ज्ञानेश्वरीला काही माहीत नव्हतं. "मुलगा की मुलगी?"
मुलगी, म्हटलं.
"कोणासारखी दिसते?"
तशीच उठून नळावर गेले. काय सांगणार होते?

घरी आल्यावर वेलीचे लोंबते शेंडे काथ्याने खांबाला बांधत बसले. अंधार पडेपर्यंत. सासूबाईंनी चहा तिथेच आणून दिला. काही विचारलं नाही.

१७ ऑक्टोबर
वेल पागोळीपर्यंत पोचली. फूल नाही.

२८ डिसेंबर
सुहास दोन दिवस येऊन गेला. वेलीला बांबूचा मांडव करून दिला, अख्खा दिवस त्यातच घालवला. मी जवळ गेले की सुतळी शोधायला निघून जायचा. तिला विसरला असावा. कसं जमतं?

९ मार्च २०२५
आज वेल छाटली. कुठे कापायचं ते सासूबाई दाखवत होत्या. "वाळकी काडी काढ, हिरवी ठेव." मधेच, कात्री न थांबवता म्हणाल्या, "सुहासच्या आधी मला मुलगी झाली होती."

मला हे कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

सासऱ्यांची नोकरी कोयना प्रकल्पात होती, अलोऱ्याच्या कॉलनीत राहायचे तेव्हाची गोष्ट. मूल जन्मतःच गेलं. त्यांनाही दाखवलं नाही. सासऱ्यांनीच घेऊन जाऊन पुरलं. "दिवसभर हातांना काहीतरी हवं होतं, म्हणून दारात वेल लावली. पण ह्यांना विचारलं नाही कधी, कशी होती. आज विचारू, उद्या विचारू. ह्यांनी पण नाही सांगितलं. आता तेही गेले. तिला बघितलेलं कोणी उरलं नाही."

कात्री पदराला पुसली. "तुझा आहे अजून. विचार त्याला."

मी काडी धरून उभीच. इतके महिने मी ह्यांना कोरड्या बाई समजत होते.

१० मार्च
फोन हातात घेतला, ठेवला. हे फोनवर विचारायचं नाही.

११ एप्रिल
पहिला घोस आला. काल संध्याकाळी पांढरा, सकाळी गुलाबी, दुपारपर्यंत लालसर. वास पार रस्त्यापर्यंत. सासूबाई खुर्ची टाकून तिथेच बसल्यात.

चौदा एप्रिलसाठी सुहास उद्या येतोय. विचारायचं ठरवलंय. भीती वाटते – त्याला आठवतच नसेल तर?

१३ एप्रिल
विचारलं. मग म्हणाला, तासभर माझ्या हातात होती, नर्स दोनदा मागायला आली तरी दिली नाही. केस पुष्कळ होते, कपाळावर आलेले. आणि हनुवटी तुझी.