मुके टेस्टर

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
मॅडमनी वही दिली. सेक्शनसाठी नवे व्होल्टेज टेस्टर घ्यायचे आहेत. जुने सगळे वाजेनासे झालेत. तक्रार मीच केली होती. पाच कंपन्यांचे पाच नमुने आलेत, ते वापरून बघायचे आणि कोणता घ्यावा ते मी लेखी द्यायचं. मीच का, असं विचारलं नाही. एकतीस वर्षं लाइनवर आहे.
वहीच्या पुढून टेस्टरच्या नोंदी. मागून हे. हे कोणी वाचायचं नाही.
मॅडम मला काका म्हणतात. एरवी इंजिनियर चांगल्या आहेत.

४ फेब्रुवारी
सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून नियम सांगितला. दर सहा महिन्यांनी सांगतो. परमिट हातात आलं म्हणजे लाइन बंद झाली असं नाही. कोणाचा तरी जनरेटर उलटी वीज पाठवत असतो. म्हणून तीन पायऱ्या. आधी टेस्टर चालू लाइनजवळ न्या, वाजला पाहिजे. मग कामाच्या लाइनजवळ. मग परत चालू लाइनजवळ. टेस्टर गप्प राहिला तर त्याचे दोनच अर्थ. लाइन मेलेली आहे, नाहीतर टेस्टर मेलेला आहे. तिसरा अर्थ नाही.
जिराफ मागे उभा राहून जांभया देत होता. जिराफ माझा जोडीदार. मान लांब म्हणून जिराफ. एकोणीस वर्षं एका गाडीत आहोत, म्हणजे हा नियम त्याने अडतीस वेळा ऐकलाय. तरी जांभई आवरता येत नाही.

६ फेब्रुवारी
टेस्टर नंबर एक. लांब काठीच्या टोकाला लावून तारेजवळ नेला. लाल दिवा लागला. आवाज नाही. नोंद: अर्धा नापास.
नंबर दोन. दिवा लागला. आवाज नाही. नोंद: अर्धा नापास.
जिराफ म्हणाला, मास्तर, वाजला की. मी म्हटलं, कुठे? म्हणाला, हा काय. मी म्हटलं, ती चिमणी आहे. तो बराच वेळ काठीच्या टोकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, असेल चिमणी.

७ फेब्रुवारी
घरचं वॉशिंग मशीन कपडे झाले की वाजायचं. आता वाजत नाही. धुतं व्यवस्थित, पण सांगत नाही. रिपेअरवाला आला. त्याने मशीन चालवून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं. हिने कपाळाला हात लावला. तो म्हणाला, मशीन एकदम ओके आहे. चहा पिऊन गेला.
आजकाल कोणाला काम येत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
ही हल्ली पुटपुटते. तीस वर्षं स्पष्ट बोलायची, गरजेपेक्षा स्पष्ट. आता अर्धी वाक्यं गिळते. सकाळी पेपर वाचत होतो. म्हणाली, पान दाखवा. पान दाखवलं. गेली नाही, म्हणून आतलंही दाखवलं. पेपर माझ्या हातातून ओढला आणि ओरडली, अहो पान नाही, कान! डॉक्टरला कान दाखवा!
कानाला काय झालंय? ट्रान्सफॉर्मरची गुणगुण मला रस्त्याच्या पलीकडून ऐकू येते. विषय कानामागे टाकला.
संकल्प: हिच्याशी हळू आवाजात बोलायचं. म्हणजे तीही शांत होईल.

१० फेब्रुवारी
संकल्प सोडला. ती म्हणते, आधी स्वतः ओरडणं बंद करा. मी ओरडत नव्हतोच.

१२ फेब्रुवारी
नंबर तीन. वाजला! म्हशीसारखा रेकला. तारेजवळ रेकला, खांबाजवळ रेकला, गाडीच्या बॉनेटवर ठेवला तरी रेकला. जिराफने डबा उघडला तर डब्यापाशीही रेकला. जिराफ म्हणाला, मास्तर, हा कशालाही वाजतो, डब्यात काय करंट आहे? मी म्हटलं, यंत्र जागरूक आहे. म्हणाला, जागरूक नाही, वेडं आहे.
नोंद: उत्कृष्ट.

१४ फेब्रुवारी
नंबर चार, नंबर पाच. दिवा आहे, आवाज नाही. पाचातले चार मुके. असा माल पाठवायला लाज वाटत नाही.
एक गोष्ट चांगली घडते आहे. मी काठी वर धरली की जिराफ माझ्यासमोर येऊन उभा राहतो आणि लाइन चालू असली की मान हलवतो. जुन्या टेस्टरची तक्रार केली होती, साधारण तेव्हापासून. आज विचारलं, हे काय? म्हणाला, व्यायाम. मान आखडते, डॉक्टरने सांगितलाय. व्यायाम नेमका टेस्टिंगच्या वेळीच कसा, हे विचारणार होतो. तेवढ्यात पुढचा खांब आला.

१८ फेब्रुवारी
अंगात कणकण. रजा. थर्मामीटर काखेत धरला. पाकिटावर लिहिलंय, वाजेपर्यंत काढू नये. सव्वाचारला धरला. पाच वाजले. ही दोनदा दारातून डोकावून गेली. तिसऱ्यांदा आत आली, स्वतःच थर्मामीटर ओढून काढला आणि खाटेच्या कडेला बसून राहिली. मी म्हटलं, हा पण बिघडलाय. ती काही बोलली नाही. बोलली असेल तर पुटपुटली.
चार टेस्टर, एक मशीन, एक थर्मामीटर. सगळ्यांचे भोंगे एकाच कारखान्यातून येत असावेत. कोणीतरी चौकशी करायला हवी.

१९ फेब्रुवारी
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, टीव्हीचा आवाज कमी करा, मला इथे माझ्या घरात ऐकू येतोय. मी म्हटलं, ये मग बघायला. यात हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही. हसली नसेलही.

२० फेब्रुवारी
महिनाअखेरीस वार्षिक मेडिकल. फिटनेस मिळाला नाही तर लाइनवरून काढून स्टोअरला बसवतात. स्टोअरला बसवलेली माणसं मी पाहिली आहेत. काउंटरमागे बसून ती बाहेर जाणाऱ्या गाड्यांकडे बघतात. गाडी निघताना कोणी हात केला तर दिवसभर खूश असतात.
मला भीती एकच. ब्लड प्रेशर. संकल्प: मीठ बंद. रोज सकाळी पाच किलोमीटर.

२१ फेब्रुवारी
सकाळी गार होतं. उद्यापासून.
फ्रीजवर हिची चिठ्ठी. कानाचा डॉक्टर, गुरुवारी पाच वाजता. मी खाली लिहिलं, गुरुवारी काम आहे. तिने त्याखाली लिहिलं, बरं. घरात आता फारसं बोलणं होत नाही. किती शांत वाटतं.

२४ फेब्रुवारी
रिपोर्ट दिला. अडीच पानं. शिफारस: नंबर तीन, बावीस नग.
मॅडमनी नंबर तीन हातात घेतला आणि टेबलावरच्या चहाच्या कपाजवळ नेला. रेकला. खुर्चीजवळ नेला. रेकला. माझ्या रिपोर्टजवळ नेला. तिथेही. मग काहीतरी बोलल्या. शेवटचं ‘आहे’ तेवढं कळलं. मी थँक्यू म्हटलं. त्यांनी टेस्टर ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. पसंत पडलेला दिसतो. तोवर नंबर चार वापरा म्हणाल्या. हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. आदर आहे.

२५ फेब्रुवारी, दुपारी ४
थोडक्यात लिहितो.
बर्फाच्या कारखान्यामागची लाइन. तार बदलायची होती. परमिट हातात होतं. नंबर चार आधी चालू लाइनजवळ नेला. जिराफने मान हलवली. मग कामाच्या लाइनजवळ नेला. गप्प. दिवा दिसत नव्हता, ऊन समोरून येत होतं. जिराफ समोर नव्हता. गाडीमागे अर्थिंगची साखळी सोडवत होता. इंजिन चालू होतं.
मी ओरडलो, बंद आहे, ये.
तो साखळी खांद्यावर टाकून शिडी चढला. तारेपासून हातभर अंतरावर थांबला. टेस्टर अजून तिथेच होता, काठी माझ्या हातात. वरून म्हणाला, मास्तर, वाजतोय. मी म्हटलं, नाही. म्हणाला, मास्तर, वाजतोय हो. मी म्हटलं, चिमणी असेल.
मग तो एकेक पायरी उतरला. चाकाला टेकून बसला. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं.
कारखान्याचा जनरेटर चालू होता.
ऊन होतं हे महत्त्वाचं. तिसरी पायरी मी करणारच होतो.

२६ फेब्रुवारी
जिराफ गाडी चालवत होता. मी विचारलं, मान कशी आहे? त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. म्हणाला, पाच महिने तुमच्यासाठी मान हलवतोय मास्तर. मला वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. माझ्या घरी दोन मुली आहेत. काल मी गाडीमागे होतो आणि तुम्ही ये म्हणालात.
सगळे शब्द स्पष्ट ऐकू आले. तो ओरडत होता.
दुपारी मॅडमनी बोलावलं. कोणीतरी त्यांचे कान भरलेत.

२७ फेब्रुवारी
मॅडमची चिठ्ठी. उद्या दहा वाजता ऐकण्याची तपासणी. बरं झालं. माझी बाजू कोणीतरी ऐकून घ्यायलाच हवी होती. मुद्दे काढले.
एक, ऊन. दोन, जनरेटर चालू आहे हे कारखान्याने कळवायला हवं होतं. तीन, टेस्टर मुका असल्याची लेखी नोंद मी चौदा तारखेलाच केली होती. चार, एकतीस वर्षं.
चौथ्यापुढे काय लिहायचं ते सुचलं नाही. एकतीस वर्षं एवढंच ठेवलं.
हिने शर्टाला इस्त्री केली. मी सांगितलं, उद्या माझं ऐकून घेणार आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं. मग कॉलरचं बटण लावून दिलं. ते मला लावता येतं.

२८ फेब्रुवारी
दवाखान्यात बोलावलं होतं. मुद्द्यांचा कागद खिशात होता. टेबल नव्हतं, साहेब नव्हते. एक काचेची छोटी खोली, आत एक खुर्ची. तपासणारी मुलगी माझ्या मुलीएवढी. माझ्या कानांवर हेडफोन बसवले, हातात बटण दिलं. बाहेर जाऊन काचेपलीकडे बसली. आवाज आला की दाबायचं.
पहिले तीन-चार आवाज आले. जाड आवाज, ट्रान्सफॉर्मरसारखे. दाबलं. मग आवाज थांबले. मी वाट पाहिली. काचेतून तिचा हात दिसत होता. हात हलला की दाबायला लागलो. तिने खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ केली.
बराच वेळ गेला. मी काचेवर टकटक केली. ती आत आली. मी म्हटलं, तुमचं यंत्र बंद आहे. म्हणाली, चालू आहे, काका. मी म्हटलं, आधी यंत्र तपासायचं असतं, हा नियम आहे, मीच शिकवतो. तिला घाई नव्हती. चांगली मुलगी. आवाज चालू ठेवून तिने हेडफोन काढला, स्वतःच्या कानाला लावला. डोळे बारीक केले, हेडफोन कानापासून लांब धरला. मग माझ्या कानाला लावला. मी ऐकलं. ऐकण्यासारखं काही नव्हतं. मग परत तिच्या कानाला. परत डोळे बारीक झाले.
तिन्ही पायऱ्या बरोबर होत्या.
यंत्र ठीक आहे.

१० मार्च
नवे टेस्टर घेणं रद्द झालं. जुने बावीसच्या बावीस वाजतात असं मॅडमनी स्वतः तपासून लिहिलंय. नंबर तीन त्यांनी कंपनीला परत पाठवला.
कानाचं मशीन यायला अजून तीन आठवडे. तोवर स्टोअर. मशीन आल्यावरही स्टोअरच, असं त्या लिहून म्हणाल्या. काम सोपं आहे. टेस्टर देणे, घेणे, बॅटऱ्या बदलणे, रजिस्टर भरणे. रजिस्टरमध्ये एक रकाना आहे, वाजतो की नाही.
आज सकाळी गाडी निघायच्या आधी जिराफ आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी टेस्टर पुढे केला. त्याने हातातून घेतला नाही. मी काउंटरवर ठेवला, मग त्याने उचलला. भिंतीवरच्या स्विचबोर्डजवळ नेला. बाजूला नेला, परत स्विचबोर्डजवळ नेला. कान देऊन उभा राहिला. मी रजिस्टर उघडून पेन धरून बसलो होतो. त्याने मान हलवली. मला की टेस्टरला, ते कळलं नाही.
मी लिहिलं, वाजतो.