सोड्याचं पाणी

४ उर्दीबहिष्त १३३४ फसली, गेवराई

मालक विठ्ठलराव म्हणाले, हंगाम संपायच्या आत कापसाच्या जिनाचा मोठा मिस्त्री ठरवतो. बंकट म्हणजे मी, नाहीतर सिदू. सिदू! त्याची इथं चार वर्षं, माझी चौदा!

लेथवर लोखंड कातताना नुसतं पाणी सोडलं की गंज चढतो, म्हणून त्यात धुण्याचा सोडा घालायचा — एवढी एक अक्कल घेऊन हा जालन्याहून आला, अन् मालकाला वाटतं केवढा विद्वान आणला. रोज संध्याकाळी त्याच पाण्यानं सगळे कातलेले दांडे पुसत बसतो. माझेसुद्धा! मेला लाळघोट्या.

५

आजही पुसले. मालकानं बघितलं.

६

त्याच्या बायकोला, बायडाबाईला ताप. म्हणालो, "जा की घरी, पुसायचं मी बघतो." हात जोडून गेला. गाढव!

त्याच्या सोड्याच्या पाण्याच्या डब्यात दोन मुठी मीठ कालवलं. त्याचे दांडे त्या पाण्यानं पुसले, माझे माझ्या डब्यातल्या सोड्यानं. उद्या जुम्मा, जिन बंद. मिठाला दीड दिवस पुरे.

८

त्याचे सातही दांडे तांबडेलाल! माझे लखलखीत. विठ्ठलरावांनी त्याच्या डब्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "सोडा घरी न्हेतो अन् मीठ घालतो व्हय बे?"

गंजका दांडा खांद्यावर देऊन त्याला दुपारपर्यंत उन्हात उभा केला. त्यानं पाणी मागितलं. घागर माझ्याच शेजारी होती — मी नाही दिलं.

बायडाबाई तापातच घोंगडी पांघरून आली. "दादा, तुमी तरी सांगा! ह्यांनी कदी चोरी केली न्हाई!" म्हणालो, "चोराची बायको दुसरं काय बोलणार?" सगळे हसले. मीही हसलो. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

९

मोठा मिस्त्री मी!

सिदू बिऱ्हाड गाडीत घालून गेला. जाताना म्हणतो, "दादा, तुमच्या हाताला घाम लई हाय. कातलेलं रोज पुसत जा." निघाला तरी अक्कल शिकवतोय! आज आठ दांडे कातले. पुसतोय कोण!

१०

कातायच्या पाण्यात सोडा मी माझ्या हातानं घातला होता. तरी आठही दांड्यांवर गंज — नुसते बोटांचे ठसे.

विठ्ठलरावांनी एक दांडा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "हात ठिव बे त्याच्यावर."

ठेवला. गंजातल्या बोटावर माझं बोट बसलं.